पोटात ठेवू नये अशी गोष्ट



आपल्या वार्तापत्राच्या या पानावर सहसा डॉक्टर लिहितात, नाहीतर चार्टर्ड अकाउंटंट. मी दोन्हींपैकी कोणी नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, दुबईतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा आणि शारजात राहणारा तुमच्यासारखाच एक सभासद आहे. वय ३६. गेल्या जून महिन्यात माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. हा लेख आरोग्याचा की अर्थाचा, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी म्हटले, दोन्हींचा. कारण त्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठ दिवसांत मी एक चूक केली. तिची किंमत मी प्रकृतीने मोजली आणि दिरहमांतही मोजली.

ती चूक म्हणजे मी ही गोष्ट लपवली. आपल्याकडे गुपिताला "पोटात ठेवणे" म्हणतात. ज्या पोटाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नुकताच काढून टाकला आहे, त्या पोटात मी एवढे मोठे गुपित ठेवायला निघालो होतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझी उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन १२२ किलो, म्हणजे बीएमआय ४१ च्या वर. रक्तदाबाची गोळी चार वर्षांपासून चालू. रात्री घोरण्यापायी पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या खोलीत झोपायच्या. डाएट, जिम, कोमट पाण्यात लिंबू, सगळे करून झाले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि व्याजासकट परत यायचे. शेवटी डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली. हीत पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवतात.

आता ही गोष्ट आईला सांगायची तरी कशी? आई सांगलीला असते. अशा शस्त्रक्रियेविषयी तिला एकच माहिती होती, आणि ती होती इमान अहमद या इजिप्तच्या बाईंची. तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. सुमारे ५०० किलो वजनाच्या इमानना फेब्रुवारी २०१७ मध्ये खास विमानाने मुंबईला आणले, सैफी हॉस्पिटलमध्ये मार्चमध्ये त्यांच्यावर हीच स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली, पुढे बहीण आणि डॉक्टर यांच्यातला मतभेद वर्तमानपत्रांत गाजला, मे महिन्यात त्यांना अबू धाबीच्या बुर्जील हॉस्पिटलमध्ये हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा बिघाड ही कारणे हॉस्पिटलने त्या वेळी दिली होती. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंची अवस्था आणि रोज मेट्रोने ऑफिसला जाणाऱ्या माझ्यासारख्याची अवस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आईच्या मनात "मुंबईत पोट कापले, अबू धाबीत गेली" एवढेच राहिले होते. मी अमिरातीतच राहणारा. तेव्हा तिला काहीच सांगायचे नाही असे ठरले.

मग ऑफिसात तरी कशाला सांगा? आणि मंडळात? "एवढा पैसा घालण्यापेक्षा कॉर्निशवर चालायला काय झालं होतं?" हे वाक्य कोण, कोणत्या स्वरात म्हणणार हे मला आधीच ऐकू येत होते. पत्नी म्हणाली, "निदान एकाला तरी सांगून ठेवू या." मी म्हटले, "दोन दिवसांत घरी येतोय. कशाला गवगवा?"

पहिले चार दिवस

पहिल्या दिवसांत काय होते ते नीट सांगतो, कारण मला ते कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांना मी विचारले नव्हते.

भूल उतरल्यावर सर्वांत जास्त दुखला तो खांदा. पोटावर शस्त्रक्रिया आणि दुखणे खांद्यात, हे पाहून मी घाबरलो. नर्सने समजावले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तो थोडाफार आत राहतो आणि श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जारज्जूंच्या भागात पोचतात, त्यामुळे मेंदूला वाटते की खांदाच दुखतो आहे. चुकीच्या पत्त्यावर आलेले पत्र म्हणा. चालले की हे दुखणे दोन-तीन दिवसांत कमी होते.

त्याच संध्याकाळी मला उठवून चालवले. हा काही हॉस्पिटलचा हट्ट नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. त्यासाठीच चालणे, पायात घट्ट मोजे आणि काही दिवस रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन. ते इंजेक्शन घरी आल्यावरही घ्यायचे होते. पत्नीने ते यूट्यूबवर पाहून नव्हे, तर नर्सकडून हाताला हात लावून शिकून घेतले. हे तिचे शहाणपण.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. खरी परीक्षा इथे सुरू झाली, आणि ती परीक्षा होती पाण्याची.

डॉक्टरांनी सांगितले होते, दिवसाला दीड लिटर द्रव पोटात गेलेच पाहिजे, पण एका वेळी साधारण ३० मिलीलिटर, तेही घोटाघोटाने. आता हिशेब करा. दीड लिटर म्हणजे ३० मिलीचे ५० कप. दर १५ मिनिटांनी एक म्हटले तर साडेबारा तास लागतात. सकाळी सातला सुरू करून संध्याकाळी साडेसातपर्यंत एकही कप न चुकवता. दुपारी दोन तास डोळा लागला की आठ कप बुडाले. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यालेल्या माणसाला खोकल्याच्या औषधाच्या मापाने पाणी पिणे किती अवघड जाते, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. जरा मोठा घोट घेतला की छातीत दगड अडकल्यासारखे होई. तो दगड नको म्हणून मी पाणीच टाळू लागलो.

भूक लागत नव्हती, हे मात्र खरे. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक आहे. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. पण भूक गेली तरी खाण्याची आठवण जात नाही. चौथ्या दिवशी पत्नीने मुलीसाठी वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मुलगी विचारू लागली, "बाबा, दुखतंय का?" दुखत काहीच नव्हते. पण पहिल्या दिवसांत मन असे हळवे होते, आपण हे काय करून बसलो असे वाटते, आणि ते तात्पुरते असते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. मला हे कळले नंतर, एका सभासदाच्या फोनवरून. तो फोन पुढे येईलच.

आमच्या खिडकीतून एका इमारतीचे बांधकाम दिसते. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उन्हात काम करणाऱ्यांना दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते. बरोबर साडेबाराला ते कामगार सावलीत येऊन पाण्याचे मोठे कॅन उघडत. शरीर कोरडे पडू नये म्हणून देशाने त्यांच्यासाठी नियम केला आहे. आणि मी एसीत बसून, टेबलावर पाण्याचा कप ठेवून, कोरडा पडत चाललो होतो. लघवी गडद पिवळी झाली होती. त्याकडेही मी लक्ष दिले नाही. आपल्याकडे यालाच दुखणे अंगावर काढणे म्हणतात.

पाचवी रात्र

हॉस्पिटलने घरी सोडताना चार पानी सूचना दिल्या होत्या. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते, की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांचे डोस या काळात बदलावे लागतात, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. मी ते पान वाचले नाही. सॉफ्टवेअरबरोबर येणारी माहितीपत्रके लोक वाचत नाहीत म्हणून रोज कुरकुरणारा मी, माझ्याच पोटाचे माहितीपत्रक न वाचता नेहमीची गोळी नेहमीसारखी घेत राहिलो. माझ्या त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. एका बाजूने पाणी कमी जात होते आणि दुसऱ्या बाजूने ही गोळी ते बाहेर काढत होती.

पाचव्या रात्री दीड वाजता बाथरूमला जायला उठलो आणि दारातच कोसळलो. पुढचे मला पत्नीकडून कळले. ती एकटी. मुलगी उठून रडायला लागलेली. हातात फोन, पण लावणार कुणाला? मंडळातल्या मैत्रिणीला लावावा तर आधी शस्त्रक्रियेपासून कथा सांगावी लागणार. सासूबाईंना लावावा तर त्यांना काहीच माहीत नाही. मी तिला कुणालाही न सांगण्याची शपथ घातली होती. तिने नंतर मला एकच वाक्य सुनावले, आणि ते माझ्या जिव्हारी लागले. "तुमचं पोट लहान केलं, पण ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंत."

शेवटी तिने समोरच्या फ्लॅटचे दार ठोठावले. तिथल्या मल्याळी बाई नर्स आहेत. त्या गाऊनवरच धावत आल्या, माझे पाय उशीवर उंच ठेवले, रक्तदाब पाहिला. वरचा ८४. पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी चालू आहे का?" दुसरा, "आज पाणी किती प्यायले?" दोन्ही उत्तरे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि ९९८ ला फोन करायला सांगितले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मुलीला त्यांनी आपल्या घरी नेऊन झोपवले.

हॉस्पिटलमध्ये सलाईन लावले, रक्त तपासले आणि शिवलेल्या जागेतून गळती तर होत नाही ना हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन केला. सुदैवाने गळती नव्हती. नुसते पाणी कमी पडले होते. डॉक्टर म्हणाले, की या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा हॉस्पिटलात येण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे, आणि टाळता येण्यासारखे आहे.

आता हिशेबाचे पान

शस्त्रक्रियेचा खर्च मी खिशातून केला होता. विमा कंपनीकडे अर्जही केला नव्हता, कारण अर्ज केला तर ऑफिसच्या मनुष्यबळ विभागाला कळेल अशी माझी समजूत. ही दुसऱ्यांदा हॉस्पिटलात जाण्याची पाळी आली तेव्हा कार्ड पुढे केले. उत्तर आले, मूळ शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, म्हणून तिच्यातून उद्भवलेली गुंतागुंतही बसत नाही. पॉलिसी काढून पाहिली तर ते कलम खरोखरच होते. त्या एका दिवसाचे साडेपाच हजार दिरहम गेले.

दुसरा तोटा रजेचा. कारण सांगायला नको म्हणून मी वार्षिक रजेतले आठ दिवस वापरले होते. वास्तविक २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे इथल्या खाजगी क्षेत्रातल्या नोकरदाराला प्रोबेशन संपल्यानंतर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा पगार आणि उरलेले ४५ दिवस बिनपगारी. आजारी पडल्याचे तीन कामाच्या दिवसांत कळवावे लागते आणि वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. डीआयएफसी आणि अबू धाबीतील एडीजीएम इथल्या कंपन्यांना वेगळे नियम आहेत, तिथल्यांनी आपापले पाहावे. म्हणजे कायदा मला रजा द्यायला तयार होता आणि मी मात्र मुलीला सुट्टीत सांगलीला न्यायचे आठ दिवस खर्च करून बसलो होतो.

म्हणून विम्याविषयी माझे अनुभवाचे बोल. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने मालकाने कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढणे सक्तीचे केले. अबू धाबीत ते त्याआधीच झाले होते. १ जानेवारी २०२५ पासून शारजा आणि इतर अमिरातींतल्या खाजगी कर्मचाऱ्यांनाही ही सक्ती लागू झाली. पण विमा असणे वेगळे आणि त्यात ही शस्त्रक्रिया असणे वेगळे. पॉलिसीचे "वगळलेल्या बाबी" हे पान आधी उघडा. तीन प्रश्न लेखी विचारा. शस्त्रक्रिया बसते का आणि कोणत्या अटींवर? पूर्वमंजुरीला काय कागद लागतात? आणि शस्त्रक्रिया स्वतःच्या खर्चाने केली तर नंतरची गुंतागुंत बसते का? माझ्यासारखे अनेक जण पहिला प्रश्नही विचारत नाहीत. तिसरा तर सुचतच नाही.

ज्यांची भारतात पॉलिसी आहे त्यांच्यासाठी एक चांगली माहिती. भारताच्या विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. त्यानुसार लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली नाही. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा अधिक हवे, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असून हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार सोबत हवा, आणि साधे उपाय करून झालेले असावेत. प्रतीक्षाकाळ मात्र आपल्या पॉलिसीत पाहून घ्यावा. मुंबई-पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लगेच विमानात बसू नये, केव्हा बसावे हे डॉक्टरांना विचारावे. आणि ट्रामाडॉल, कोडीन अशी वेदनाशामके इथे नियंत्रित औषधांत मोडतात. चिठ्ठी असली तरी अधिकृत परवानगी न घेता ती बॅगेत घालून आणू नयेत.

एका फोनची आणि एका पेजेची गोष्ट

गुपित फोडले ते मुलीने. सातव्या दिवशी आजीबरोबर व्हिडिओ कॉल चालू होता आणि ती सहज म्हणाली, "आजी, बाबांचं पोट कापलं. ते पडले पण." मी पलीकडच्या खोलीत डोळे मिटून पडलो होतो. आता रडारड होणार, असे मनाशी धरले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मग तुला पेज कोण करून देतंय?"

त्यानंतर आईने फोनवरून माझ्या पथ्याची सूत्रे हातात घेतली. डॉक्टरांचा तक्ता तिला वाचून दाखवला. आधी नितळ द्रव, मग दाट द्रव, मग मऊ गाळलेले, मग मऊ अन्न, असे आठवड्याआठवड्याने चढायचे. तिने त्याचे लगेच मराठीत भाषांतर केले. ताकाची निवळी, मुगाच्या डाळीचे गाळलेले कढण, पुढे नाचणीचे सत्त्व, मग पातळ मऊ वरण. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि ती नुसत्या पेजेत भरत नाहीत, हे मी तिला सांगितले. त्यासाठी पावडर घ्यावीच लागली. पण ५० कपांचा हिशेब तिने जसा ठेवला तसा माझ्या मोबाइलच्या गजरानेही ठेवला नव्हता. सांगलीहून दर दोन तासांनी फोन, "आत्तापर्यंत किती झाले?" शेवटी ती एवढेच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर बीपीच्या गोळीचं मी विचारलं असतं. तुझे वडील मोतीबिंदूला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला होता मी."

दुसरा फोन मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदाचा आला. त्यांना पत्नीच्या मैत्रिणीकडून कळले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी मीही केली. सगळ्यांना हर्निया म्हणून सांगितलं." त्यांनी मला अर्ध्या तासात जे सांगितले ते चार पानांत नव्हते. पहिल्या आठवड्यात रडू येते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि बहुधा परत येतात. जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यायची, विशेषतः आपण शाकाहारी असलो तर बी-१२ विसरायचे नाही. मुलांना काही आठवडे उचलायचे नाही. माझी मुलगी १८ किलोची. तिला "आत्ता नको" म्हणणे मला सर्वांत जड गेले. मी त्यांना विचारले, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू तरी कुठे सांगितलंस?" दोघेही हसलो. मला टाके दुखेपर्यंत हसू आले.

विचार करा, एकाच मंडळात, एकाच गणेशोत्सवात शेजारी बसून मोदक वाढणारे आम्ही दोघे, एकमेकांना उपयोगी पडू शकणारे, आणि दोघांच्या ओठांना कुलूप.

माझे म्हणणे

लठ्ठपणाला आपण अजून स्वभावदोष समजतो. जिभेवर ताबा नाही, एवढेच त्याचे निदान करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली जगातल्या दर आठ माणसांमागे एक जण लठ्ठपणासह जगत होता. एवढ्या सगळ्यांचा ताबा एकदम सुटला, असे नाही म्हणता येणार. शरीराचा स्वतःचा हिशेब असतो आणि तो इच्छाशक्तीच्या विरुद्ध चालतो. मधुमेहाचे इन्सुलिन आपण लपवत नाही, हृदयाची बायपास तर अभिमानाने सांगतो. पोटाची शस्त्रक्रिया मात्र हर्निया होऊन बाहेर येते.

सर्वांनी ही शस्त्रक्रिया करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. आज सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड अशी इंजेक्शनेही आली आहेत. कोणाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. ढोल बडवून सर्वांना सांगा, असेही म्हणत नाही. आपल्या शरीराची गोष्ट कुणाला सांगायची हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण हक्क आणि लाज यांत फरक आहे. मी हक्काने गप्प बसलो नव्हतो, लाजेने बसलो होतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की निदान चार जणांना सांगा. घरातल्या एका वडीलधाऱ्याला. रात्री दार उघडेल अशा एका शेजाऱ्याला. ऑफिसातल्या एका जबाबदार माणसाला, म्हणजे रजेचा आणि विम्याचा हक्क बुडणार नाही. आणि या वाटेने आधी गेलेल्या एकाला.

या चौघांपैकी घरातल्या आणि शेजारच्या माणसाला धोक्याच्या खुणाही सांगून ठेवा. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, बसल्या जागी सतत १२० च्या वर राहणारी नाडी, पोटरीला सूज किंवा दुखणे, अचानक लागलेला दम, पाणीही न ठरणाऱ्या उलट्या, काळसर शौच. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. रुग्ण स्वतः "काही नाही, होईल बरं" असेच म्हणणार. मीही म्हटले होते.

आणि इतरांना एक विनंती. अशा माणसाला भेटाल तेव्हा "किती किलो उतरलं?" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी "आज पाणी किती झालं?" असे विचारा. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडू का, असे त्याच्या पत्नीला किंवा नवऱ्याला विचारा. पहिल्या पंधरवड्यात रुग्णापेक्षा घरातले दुसरे माणूस जास्त थकते. जेवणाचा डबा द्यायचा असेल तर त्या माणसासाठी द्या.

कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. रक्तदात्यांची यादी आपण ठेवतो, तशीच अनुभवी माणसांची एक यादी ठेवावी. नावे छापू नयेत, आरोग्य विभागाच्या प्रमुखांकडेच राहावीत. ज्याला गरज असेल त्याने विचारावे आणि त्यांनी दोघांची गाठ घालून द्यावी. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया असो, गर्भाशयाची असो की मानसिक आजाराची औषधे असोत, परदेशात आपल्याला काका-मामा नसतात. इथे मंडळच आपले गाव आहे. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.

समोरच्या मल्याळी बाईंना यंदा दिवाळीत फराळाचा डबा दिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय खाता यातलं?" मी म्हटले, "एक चकली, अर्धा तास." त्या हसल्या आणि माझ्या मुलीला आत बोलावले. तिला आता मी उचलू शकतो. वजन किती उतरले ते मात्र सांगणार नाही. तुम्ही भेटलात की आधी पाण्याचे विचारा.

चूकभूल द्यावी घ्यावी. मी डॉक्टर नाही. औषधांचा आणि पथ्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.